सोळाचं चाक, पंधराचं टायर

टायर हे चाकापेक्षा थोडं लहानच असलं पाहिजे, यावर आमच्या ओसरीत तीन पुरुषांचं एकमत झालं, तिथून हा प्रकार सुरू झाला. पुरुषांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी उभ्या आयुष्यात फार वेळा पाहिलेलं नाही, आणि जेव्हा पाहिलं तेव्हा घरातलं काहीतरी जळालंच आहे.

परवा सावंगीला नातवाकडे गेले होते. त्याने चांगल्या चालत्या गाडीची चांगली चाकं काढून चकाकणारी दुसरी चाकं बसवली आहेत, आणि त्यांना कोणत्या मापाचं टायर घ्यावं यावर तो आणि त्याचे दोन डॉक्टर मित्र तासभर बोलत होते. मी जपमाळ घेऊन बाजूला बसले होते. मला वाटलं, चला, आपल्या घराण्याची परंपरा चालू आहे.

मालगुजाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदाऱ्या, बुडाल्या त्या सुमाराची गोष्ट. पूर्वी हत्ती विकत तसे मालगुजार तेव्हा मोटारी विकायला काढत, आणि त्या घ्यायला वकील पुढे होत. आमचे हे वर्ध्याच्या कोर्टात वकील. हिंगणघाटकडच्या एका मालगुजाराचा दावा हे हरले आणि त्याची मोटार घेऊन घरी आले. हरलेल्या वकिलाला पक्षकाराने मोटार का विकली हे तेव्हा मला कळलं नव्हतं. मोटार बघितल्यावर कळलं. त्याने सूड घेतला होता.

मोटार उघड्या टपाची होती. डावा मडगार्ड पिसाऱ्यासारखा बाहेर फाकलेला, कारण मालगुजारसाहेबांनी ती एकदा कडुलिंबावर घातली होती. चाकं सायकलसारखी तारांची, उंच. त्या चाकांची टायरं झिजून आतला दोरा दिसू लागला होता, आणि त्या मापाचं टायर आता विलायतेतही निघत नाही असं नागपूरच्या दुकानदाराने सांगितलं. तेव्हा यांनी एका कबाड्याकडून लढाईतल्या मोटारींची लोखंडी चाकं आणली. भोकं जुळली. भोकं जुळली म्हणून हे इतके खूश झाले की वाड्यावर आलेल्या प्रत्येक पक्षकाराला आधी चाकाची भोकं दाखवत आणि मग वकालतनामा.

आता त्या चाकांना टायर घ्यायचं होतं. चाकावर सोळाचा आकडा कोरलेला होता. दुसऱ्या कोणाच्या घरी सोळाचं टायर आणून विषय संपला असता.

पण आमच्या शेजारी रूपराव राहत. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यावरही शिट्टी गळ्यात असे आणि हिरवं निशाण कोटाच्या खिशात. ते संध्याकाळी ओसरीवर येत आणि खुर्चीत बसताना आधी मागे वळून बघत, सगळी गाडी नीट आली का ते.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "रेल्वेच्या चाकाले बी टायरच असते, मालूम हाय काय? पोलादाचं. चाकापेक्षा बारीक करतेत, तापवतेत, अना चढवतेत. थंडं झालं का असं आवळून बसते, का मंग काढू म्हटलं तरी निंघत नाई. म्या जिंदगी काढली रेल्वेत."

त्यांनी जिंदगी काढली होती ती शेवटच्या डब्यात बसून. चाक बसवताना त्यांनी पाहिलं असेल तर दुर्बिणीतून. पण यांना ते पटलं. आणि त्याच वेळी नेमका नालवाडीचा चिंधू लोहार विहिरीच्या रहाटाचा कणा घेऊन आला होता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा जवळपास कोणी नव्हता. यांनी त्याला विचारलं.

"धाव बोटभर कमीच ठिवा लागते जी," चिंधू म्हणाला. "बरोबर मापाची केली त दोन कोसात सुटते अना नालीत जाऊन पडते. गवऱ्यांत तापवाची, चढवाची, वरून पानी सोडाचं. चाक असं कर्र करून वरडलं पायजे. मंग समजाचं का बसली."

"तत्त्व एकच," हे म्हणाले. "बैलगाडी काय, रेल्वे काय, मोटार काय. तत्त्व एकच आहे."

वकिलांना तत्त्व सापडलं की भीती वाटते. मी आतून म्हटलं, "अहो, धाव लोखंडाची असते. हे रबर. रबर तापवलं तर ते काय कर्र करून ओरडणार आहे?"

"तू कुरडयांकडे बघ," हे म्हणाले.

मी कुरडयांकडेच बघत होते. कारण त्या वैशाखात माझी धाकटी बहीण भागीरथा हिचं लग्न होतं, आणि रुखवताच्या कुरडया करायचं मी कबूल केलं होतं. आणि मोटारीचंही कबूल केलेलं होतं. ते मी नाही, बाबांनी.

माझं माहेर सिंदीचं. बाबा कापसाचे अडत्ये. बाजारात बाबा 'हो' म्हणाले की पुढचा माणूस गाड्या सोडायला लागे, इतका त्यांच्या शब्दाला भाव. सुपारी फुटायच्या दिवशी नवरदेवाचे काका आनंदराव, आर्वीकडचे, मिशीला ताव देत म्हणाले, "बाकी सारं ठीक हाय. पन आमचा चंद्रभान घोड्यावर बसत नाई. घोड्याले पाह्यलं का त्याले शिंका येतेत. मोटार पायजे. मोटार नसन, त नवरदेव जानोशातून उठनार नाई."

बाबा चार लोकांत म्हणाले, "आमच्या जावयाची मोटार हाय. मोटार येईन."

बाबांनी दिलेला शब्द खाली पडलेला सिंदीच्या बाजारात कोणी पाहिला नव्हता. आणि तो शब्द आता आमच्या अंगणात, चार विटांवर, बिनटायरचा उभा होता. मला रात्रंदिवस तेवढंच दिसे.

हे टायर आणायला निघाले, पण वकील पडले, सरळ दुकानात कसे जाणार? लढाईच्या काळात टायरवर कंट्रोल होता, परवाना लागे. कंट्रोल उठून वर्षं झाली होती. तरी हे आधी कचेरीत गेले, खात्री करायला. तिथल्या बाबूच्या टेबलापर्यंत कंट्रोल उठल्याची बातमी अजून पोचायची होती.

"परवाना लागत नाई असं लिहून आना," बाबू म्हणाला.

"कोणाकडून?"

"परवाना देते त्याच्याकडून."

"परवाना कोण देतो?"

"मीच."

"मग तुम्हीच लिहून द्या."

"मी कसं लिहून देऊ? मले कंट्रोल उठल्याचं कोनी कळवलंच नाई."

यांना या उत्तराचा राग यायला हवा होता. पण हे घरी येऊन त्या बाबूचं कौतुक करत बसले. कायद्याची काय पकड आहे म्हणाले. कोर्टात राहून माणसाचं असं होतं. शेवटी नागपूरला जाऊन आले तेव्हा कोणी परवाना विचारलासुद्धा नाही, आणि त्याचंच यांना वाईट वाटलं.

दुकानदाराने विचारलं म्हणे, "चाक सोळाचं, मग टायर पंधराचं कशाला नेता?" हे हसले. दुकानदाराला तत्त्व माहीत नव्हतं. पंधराची चार टायरं घेऊन हे घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भट्टी. चिंधूने गोवऱ्या गोल रचल्या, पेटवल्या, निखारा केला आणि त्यावर पहिलं टायर ठेवलं, अगदी धाव ठेवतात तसं. रूपराव शिट्टी घेऊन उभे, चाक आणायचा इशारा द्यायला. हे धोतर खोचून चिमटा धरून उभे. मी पायऱ्यांवर उभी राहून बघत होते, कारण वीस पावलांवर माझ्या कुरडया खाटेवर वाळत होत्या.

टायर तापलं. मग ते मऊ झालं. मग त्याला एक वास यायला लागला. चिंधू उकिडवा बसून एकटक बघत होता.

"झालं का रे?" यांनी विचारलं.

"अजून लाल नाई झालं जी," चिंधू म्हणाला.

तो टायर लाल व्हायची वाट बघत होता. धाव लाल झाल्याशिवाय उचलत नाहीत. आणि हेही वाट बघत होते, चिमटा सरसावून, इंग्रजीत कायद्याची परीक्षा पास झालेले.

टायर लाल झालं नाही. ते एकदम पेटलं. काळा धूर असा उठला की समोरच्या बोर्डिंगातली पोरं गच्चीवर धावली. रूपरावांनी शिट्टी फुंकली, पण ती आता कशासाठी हे त्यांनाही माहीत नसावं. चिंधूने पाणी सोडलं, टायर खरंच कर्र करून ओरडलं, आणि चिंधू समाधानाने म्हणाला, "पाहा, वरडलं."

रूपरावांची बायको रुख्माबाई डोक्यावर पदर घेऊन धावत आली आणि तिने फाटकाबाहेरूनच गहिवरलेल्या आवाजात विचारलं, "वकीलीनबाई, कोन गेलं वं?"

"अजून कोणी नाही," मी म्हटलं.

कुरडया काळ्या झाल्या. चाळून, पुसून, पुन्हा उन्हात घालून काही झालं नाही. त्या नंतर घरीच संपवल्या, आणि त्या कुरडया तळायला घेतल्या की मोटार तळल्यासारखा वास येई. यांना मी प्रत्येक पंगतीला त्याच वाढल्या. हे मुकाट्याने खात. मी अजून एक वाढत असे.

रुखवताला कुरडया गेल्या नाहीत, त्याबद्दलच्या टोमण्यांनी मी खचले नसते. पण मोटार गेली नाही तर बाबांची मान खाली जाणार होती, आणि भागीरथा मांडवात बसून राहणार होती. मी यांना स्पष्ट सांगितलं, "उद्या नागपूर. चाकावर सोळा लिहिलंय. सोळाचं टायर. दुसरं काही डोक्यात आणू नका."

डोक्यात आणू नका म्हटल्यावर डोकं रिकामं ठेवणं कोणत्याही नवऱ्याला जमलेलं नाही. दुकानदाराने उरलेली तीन टायरं परत घेतली, आणि सोळाची मोटारीची टायरं संपली आहेत, आठवड्याने या म्हणाला. लग्न परवावर. दुकानात सोळाची होती ती ट्रकची, चांगली मांडीएवढी जाड. यांनी विचार केला. तो विचार यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितला, म्हणून मला तो तंतोतंत आठवतो.

"आतलं माप सोळा, म्हणजे बसणार. बाहेरून किती का जाड असेना. बाहेर तर नुसती हवाच आहे."

टायरं बसली. हे मात्र कबूल केलं पाहिजे, बसली. मोटार विटांवरून उतरवली तेव्हा ती आधीपेक्षा हातभर उंच दिसू लागली, जोडे चढवलेल्या कोंबड्यासारखी. हे तिच्यात बसले, रूपरावांनी निशाण दाखवलं आणि मोटार फाटकाबाहेर निघाली. फाटकातून उजवीकडे वळायचं होतं. मोटार किंचित वळली, करकरली आणि थांबली. बाहेर नुसती हवा नव्हती. बाहेर मडगार्ड होता.

जाड टायर उजवीकडे वळवलं की उजव्या मडगार्डाला जाऊन रुतत असे. डावीकडे मात्र मोटार हवी तशी वळे, कारण डावा मडगार्ड मालगुजारसाहेबांनी कडुलिंबावर घालून आधीच मोकळा करून ठेवला होता. रस्त्याच्या साध्या बाकापुरती ती उजवीकडे जाई. त्यापुढे नाही.

"उजवा मडगार्ड काढून टाका," मी म्हटलं.

"त्यावर दिवा आहे," हे म्हणाले. "आणि एका बाजूचा मडगार्ड नसलेल्या मोटारीतून नवरदेव नेणार? लोक काय म्हणतील?"

"मंग आपन त्यालेही झाडावर घालू," रूपराव म्हणाले. ते गंमत करत नव्हते. ते झाडं बघायला लागले होते.

शेवटी आम्ही तशाच मोटारीतून सिंदीला निघालो. हे, मी, आणि मागे रूपराव, कारण मागे बसायची सवय त्यांनाच होती. वर्धा सोडेपर्यंत प्रत्येक उजव्या वळणासाठी आम्ही डावीकडून तीन गल्ल्या फिरलो. ज्या ओळखीच्या बायका दारात सडा घालत होत्या त्यांना आम्ही पुन्हा पुन्हा भेटलो. पहिल्यांदा त्यांनी हात हलवला. दुसऱ्यांदा विचारलं, काही विसरलं काय. त्यानंतर मी पदर पुढे ओढून घेतला.

पुढे रस्ता सरळ होता तोवर बरं चाललं. सेलूच्या पुढे सिंदीसाठी उजवीकडे फाटा लागतो. यांनी मोटार तशीच पुढे घातली, डावीकडे एका शेतात उतरवली आणि खळ्यावरून गोल फिरवून फाट्याच्या समोर आणली. खळ्यावर रामबाई नावाची एक म्हातारी तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"काऊन जी, रस्ता तिकडे हाय ना?"

"हो," हे म्हणाले.

"मंग इकडे काहाले फिरून राह्यले?"

"वळण घेतो आहे."

रामबाईने चाकांकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. "आमचा तेलघान्याचा बैल बी असाच एका आंगाले फिरते," ती म्हणाली. "पन त्याच्या डोयाले पट्टी असते."

मी तिला नमस्कार केला. त्या सबंध प्रवासात शहाणपणाचं बोलणारं एकच माणूस भेटलं होतं.

सिंदीला पोचलो. बाबा वेशीवर उभे होते, नवा फेटा बांधून. मोटार दिसल्याबरोबर त्यांचा चेहरा असा खुलला की मला यांचे सगळे गुन्हे क्षणभर माफ करावेसे वाटले. मी तो मोह आवरला आणि बाबांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. वऱ्हाड उतरलेल्या जानोशापासून मांडवापर्यंत कुठल्या गल्लीने डावी डावी वळणं घेत येता येईल ते त्यांनी काठीने धुळीत आखलं. मग काठी थांबली.

"अन्नू," ते म्हणाले, "मारुती."

मी विसरलेच होते. आमच्या घराण्याची रीत अशी की नवरदेव ज्या वाहनावर येतो त्या वाहनासकट मारुतीच्या देवळाला एक प्रदक्षिणा घालतो, आणि मगच मांडवात येतो. देवळाभोवती मोकळा रस्ता आहे, मोटार फिरेल अशी जागा आहे, सगळं आहे. पण प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला लागतो. म्हणजे सबंध फेरा उजवीकडे वळत घालायचा. आणि आमची मोटार फक्त डावीकडे वळणारी.

ही गोष्ट जानोशात पोचायला किती वेळ लागणार. आनंदराव मिशी धरून बाहेर आले. "आमच्या पोराले देवाले उलटी फेरी घालायले लावता काय? तो उठनार नाई. अपशकुन घेऊन आमी लगन लावत नाई. आमाले मोटार सांगतली होती. मोटार आना, नाई त आमी वापस जातो."

"मोटार उभी हाय तुमच्या समोर," बाबा म्हणाले.

"हे मोटार नोहे. अर्धी मोटार हाय."

माणसं जमली. भटजींना बोलावलं. हे मडगार्डाकडे तत्त्व शोधत असल्यासारखे बघत होते. बाबांनी फेटा सारखा केला, विनाकारण, पुन्हा सारखा केला. कापसाचा भाव कोसळला तेव्हाही बाबांचा हात फेट्याकडे गेलेला मी पाहिला नव्हता. मुहूर्त जवळ येत होता. मांडवात भागीरथा अंगावर हळद घेऊन बसली होती, आणि इथे चार पुरुष एका मोटारीभोवती उभे राहून ती उजवीकडे का वळत नाही यावर चर्चा करत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"एवढंच आहे तर नवरदेवाला मागे तोंड करून बसवा आणि मोटार मागे मागे न्या," मी म्हटलं. "देव येईल उजवीकडे."

मी टोमणा मारला होता. अत्यंत जहरी टोमणा होता तो. पण पुरुषांना टोमणा कळायचा असेल तर आधी डोकं जागेवर लागतं.

भटजींनी डोळे मिटले. हवेत बोटाने एक गोल काढला. मग स्वतः उलटे उभे राहिले, दोन पावलं पुढे चालले, उजवा हात देवळाकडे केला आणि डोळे उघडले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "देव नवरदेवाच्या उजव्या हाताला पाहिजे. मोटारीच्या कोणत्या हाताला पाहिजे, हे शास्त्रात कुठे सांगितलेलं नाही."

आनंदरावांनी मिशी सोडली. ते विरोध करायचं कारण शोधत होते हे दिसत होतं, पण त्यांना दिशाच लागेना.

मग काय विचारता. पुढच्या बाकाच्या पाठीवर गादी बांधली. तिच्यावर चंद्रभान बसला, पाय मागच्या बाकावर, तोंड मागे, मुंडावळ्या डोळ्यांवर. यांना मागचं काही दिसेना, सगळीकडे नवरदेवाचा शेला. तेव्हा रूपरावांनी कोट झटकला, हिरवं निशाण काढलं आणि मोटारीच्या मागे, म्हणजे आता पुढे, जाऊन उभे राहिले. जन्मभर गाडीच्या शेवटी राहिलेला माणूस त्या दिवशी वरातीच्या अग्रभागी आला. शिट्टी वाजली. डफड्यांनी ठेका धरला. मोटार करकर न करता मागे सरकली आणि मारुतीभोवती वळायला लागली. देव नवरदेवाच्या उजव्या हाताला, सरळ, शास्त्रोक्त. आणि नवरदेव असा उंचावर, समोर ना काच ना मोटार हाकणारा, त्यामुळे ज्यांना एरवी नवरदेवाचा नुसता फेटा दिसला असता त्या सगळ्यांना त्याचं तोंड दिसलं. बायका म्हणाल्या, नागपुरात अशीच नवी रीत निघाली असेल.

मांडवाच्या दारापर्यंत मोटार तशीच मागे मागे आली. भागीरथाने पुढे आयुष्यभर मला सांगितलं की तिला नवरा दिसायच्या आधी मोटारीचा मागचा दिवा दिसला.

यांनी नंतर कोर्टात सगळ्यांना सांगितलं की ही युक्ती यांची. मी खोडून काढलं नाही. कुरडया अजून संपायच्या होत्या.

पंगती उठल्यावर आनंदराव बाबांजवळ येऊन बसले. पोटभर जेवले होते, तरी मन भरलं नव्हतं. पान चावत म्हणाले, "लगन झालं ते झालं. पन पाव्हने, खरं सांगा. मोटार सांगतली होती, आली उलटी."

बाबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता. त्यांनी सुपारी कातरली, अर्धी आनंदरावांना दिली.

"मोटार येईन म्हटलं होतं, आली," बाबा म्हणाले. "तिचं तोंड कोन्या बाजूले राहीन, हे तुमी इचारलं नाई, म्या सांगतलं नाई."